कानबाईचं पाणी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, कारखान्यातल्या जोडीदारांपाशी नाही, आणि जिच्यापाशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं त्या बहिणीपाशी तर नाहीच. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणून तर धजतोय — आणि तरी बघा, सांगायला बसलो आणि मध्येच उठून पाणी पिऊन आलो.

मी सुरतेत डिंडोलीला राहतो. आम्ही मूळचे खानदेशातले. वडील लूमवर कामाला आले, त्यांच्यामागून मी. माझी शाळा गुजरातीत झाली, त्यामुळे ती भाषा तोंडात बसलेली. साहेबलोकांसमोर बोलायची वेळ आली की सोसायटीवाले मला पुढे ढकलतात. मला ते आवडतं. हेही सांगून टाकतो, लपवायचं कशाला?

आमच्या घरांच्या मागे मोकळी जागा आहे आणि तिच्यात एक तळावडी — तळं म्हणावं इतकी मोठी नाही, डबकं म्हणावं इतकी लहान नाही. शहराच्या या बाजूला पालिकेला कचऱ्याचं नवं केंद्र काढायचं होतं. गल्लीबोळातल्या छोट्या गाड्यांनी कचरा तिथे आणून ओतायचा, तो दाबून मोठ्या गाड्यांत भरायचा आणि दूर डेपोवर पाठवायचा. दोन जागा पाहिलेल्या, त्यातली एक आमची. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तिकडे उघडते. मी लहानपण सगळं गटारीच्या काठावर काढलं. नव्या घराला एक खिडकी तरी मोकळ्या हवेची असावी, एवढंच माझं — नाही, ही सारवासारव झाली. सारवासारव करायची नाही असं ठरवून बसलोय.

लोकांचं म्हणणं ऐकायला पालिकेचे साहेब आले. सोसायटीच्या हॉलमध्ये भिंतीवर नकाशा लावला होता. कुणी वासाचं बोललं, कुणी डासांचं. साहेब शांतपणे एकच सांगत होते : कचरा तुमचाच आहे, कुठेतरी जाणारच, आणि वास सगळ्यांनाच येतो. माणूस वाईट नव्हता. खरं म्हणजे त्याचं बरोबर होतं. हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी उठलो आणि म्हणालो, "साहेब, अहियां अमारी माताजी पधरावीए छीए." इथे आमच्या देवीचं विसर्जन होतं.

कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची श्रावणातली देवी. रविवारी नारळाला नथ-डोळे लावून तिला बसवायचं, घरच्यांनी मिळून रोट खायचे, सोमवारी वाजतगाजत पाण्यावर न्यायचं. परतताना तिथली मूठभर वाळू-माती घरी आणून पूजायची. सगळं खरं. फक्त त्या तळावडीवर कानबाई कधी गेलीच नव्हती. आम्ही टेम्पो करून तापीवर जायचो. हॉलमधल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, आणि एकानेही हूं की चूं केलं नाही. पुढच्या बायकांनी तर हात जोडले. देवीचं नाव निघाल्यावर साहेबांनीही खोलात विचारलं नाही.

मग खोटं उभं ठेवायचं म्हणून पुढच्या श्रावणात सगळी सोसायटी तिथे गेली. वाजवत गेली. आता तर दुसऱ्या वस्त्यांतले लोकही येतात.

इथवरचं सांगितलं तर लोक हसतील, चलाख म्हणून पाठ थोपटतील. ह्यासाठी मी बसलेलो नाही.

नकाशावर दुसरी खूण होती ना? ती मी पाहिली होती. उभा राहण्याआधी चष्मा लावून, जवळ जाऊन पाहिली होती. खाडीपलीकडची चाळ, तिच्या भिंतीला लागून. त्या चाळीत मंगल राहते — माझी धाकटी बहीण. मी उठलोच नसतो तर चाललं नसतं? तिच्या चाळीतल्यांनाही त्या हॉलमध्ये साहेबांपुढे बोलावता आलं नसतं? मला तेव्हा हे सुचलं नाही असं म्हणता येईल. पण सुचलं होतं.

आणि एवढ्यावरही थांबलं नाही. थोड्याच दिवसांनी मंगलचा फोन आला. तिच्याकडेही साहेब येणार होते, आणि साहेबांपुढे बोलण्याइतकं गुजराती चाळीत कुणाला येत नव्हतं. तू ये, तू बोल, म्हणाली. मी म्हणालो, शिफ्ट आहे. शिफ्ट नव्हती. त्याच साहेबांसमोर जाऊन मी काय सांगणार होतो — तिथेही देवी? मी घरीच होतो. चहा केला आणि खिडकीशी उभा राहून प्यायलो.

केंद्र तिकडे झालं. मंगल आता दारं-खिडक्या लावून स्वयंपाक करते. पीठ मळलं की लगेच त्यावर परात पालथी घालते, माशा इतक्या. मी गेलो की चहाच्या कपावर बशी झाकून देते आणि रिव्हर्स येणाऱ्या कचरागाडीचा भोंगा वाजू लागला की आम्हाला एकमेकांचं ऐकू येत नाही. मला तिथे फार वेळ बसवत नाही. तिला वाटतं, वासामुळे.

यंदा तिने तिची कानबाई आमच्या तळावडीवर आणली. डोक्यावर घेऊन, खाडीच्या पुलावरून, अनवाणी. आरती झाली, तिने काठची ओली माती उचलली, थोडी आपल्या पदरात बांधली आणि थोडी माझ्या हातावर ठेवली.

"दादा, तू बोलना म्हनीसन देवीनी जागा वाचनी," ती आमच्या अहिराणीत म्हणाली, तू बोललास म्हणून. "आमनाकडे बोलनारं कोनी नव्हतं."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला कळला असता, मी तिला ओळखतो. ती मनापासून बोलत होती आणि मी मान डोलावली.

माती आमच्या देवघरात आहे. बायको रोज तिच्यावर हळदकुंकू वाहते. मंगलनेही तिची माती तिच्या देवघरात ठेवली आहे, खिडकी लावून.