जसोदा आजीचा खांदा आणि बारा पत्रे

समुद्राकाठच्या सावुसावू गावाच्या बाजारपेठेत अकानिसीला पाकीट काढताना कुणी पाहिलं नव्हतं, कारण तिच्याकडे पाकीटच नव्हतं. तिच्या पिशवीत खोबरेल तेलाची बाटली, जुना टॉवेल आणि औषधी पाल्याची एक पोटली एवढंच असायचं. पण त्यावर तिचं आणि तिचा नवरा विलिमोनी याचं तीस वर्षं बरं चाललं होतं. पीठ मळून मळून बेकरीवाल्याचं मनगट धरायचं. अकानिसी भट्टीशेजारच्या बाकावर बसून ते चोळायची, आणि मनगट मोकळं झालं की पुढचे काही दिवस त्या दुकानातून तिच्या काखेत लांब पाव असायचा. शिंप्याची मान तिनं सरळ केली होती, म्हणून वर्षाला कमरेला गुंडाळायच्या दोन नव्या सुलू. बसचा ड्रायव्हर मोसेसे एकदा कमरेत उसण भरून स्टिअरिंगवरच आडवा झाला होता. तिनं त्याला तीन दिवसांत उभं केलं. तेव्हापासून अकानिसी बसमध्ये चढली की तो आरशात बघून ओरडायचा, "सरका रे, माझ्या कंबरेची मालकीण आली!"

ही कला तिला आजीकडून मिळाली होती. आजीला ती बुबू म्हणायची. बुबूनं मरताना तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि दोनच गोष्टी बजावल्या. माणूस पुरता बरा होईपर्यंत काही घ्यायचं नाही. आणि पैसा तर कधीच घ्यायचा नाही. पैसा तळहातावर पडला की हात बहिरे होतात, त्यांना मग दुखऱ्या अंगाचं काही ऐकू येत नाही.

गेल्या वर्षीच्या वादळात त्यांच्या घराचं अर्धं छप्पर उडालं. त्या अर्ध्या भागावर निळी ताडपत्री बांधून त्यांनी वर्ष काढलं. आता पुन्हा जानेवारी आला होता. ताडपत्री उन्हानं विरली होती, वारा सुटला की फडफडायची, आणि त्या आवाजानं अकानिसी उठून तिच्या दोऱ्या आवळायची.

छपरासाठी बारा पत्रे लागणार होते. पत्रे होते बिसुनच्या दुकानात. बिसुनचं हार्डवेअरचं दुकान म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं. आणि बिसुनच्या आईचा, जसोदा आजीचा, उजवा खांदा चार महिन्यांपासून धरला होता.

"आंटी, डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या," बिसुन गल्ल्यामागून म्हणाला. "तुम्ही आईला बरं करा, पत्रे तुमचे. सहा आजच घेऊन जा, सहा नंतर."

तेव्हा ‘बरं झाल्यावर बघू’ एवढंच म्हणाली असती तर! पण समोर चार गिऱ्हाईकं उभी होती आणि अकानिसीला जरा चढली.

"आज एकही नको," ती म्हणाली. "तुझी आई स्वतःच्या हातानं केस विंचरेल, त्या दिवशी बाराच्या बारा नेईन. तीन आठवडे धर."

जसोदा आजीच्या केसांची गावात ख्याती होती. पंचाहत्तरी उलटली तरी चांदीसारखी वेणी कमरेखाली लोंबायची. त्या केसांना जन्मात कधी कात्री लागली नव्हती. खांदा धरल्यापासून सून विंचरायची, आणि आजी रोज तक्रार करायची, "ही केस विंचरते की उसाचं शेत नांगरते, तेच कळत नाही!"

अकानिसी रोज सकाळच्या बसनं यायची. धक्क्याजवळच्या गरम झऱ्यात बायका दालोचे कंद उकडायला ठेवायच्या, तिथेच ती पाल्याची पोटली बुडवून गरम करायची आणि वाफ निघत असतानाच आजीच्या घरी पोचायची. पहिल्या आठवड्यात आजीचा हात कमरेपासून छातीपर्यंत आला. दुसऱ्या आठवड्यात हनुवटीला लागला. एके दिवशी आजीनं स्वतःच्या हातानं रोटीचा तुकडा तोंडात घातला आणि सुनेकडे असं काही पाहिलं, जणू एव्हरेस्ट चढून आली.

मग ती गोष्ट घडली.

धक्क्यावर एका परदेशी पाहुण्याचा पाय मुरगळला. होडी सुटायची वेळ झाली होती. अकानिसीनं तिथेच बसून त्याचा घोटा जागेवर बसवला. तो उठला, दोन पावलं चालला, हसला, आणि तिच्या मुठीत काहीतरी कोंबून होडीत उडी मारून गेला. मूठ उघडली तर वीस डॉलरची नोट. ती ओरडली, हात हलवला. त्याला वाटलं, बाई निरोप देतेय. त्यानंही हात हलवला.

नोट चर्चच्या पेटीत टाकायची, हे तिला ठाऊक होतं. पण घरातला तांदूळ संपला होता, चर्च टेकडीवर होतं आणि किराणा दुकान वाटेत. तिनं तांदूळ घेतला, माशाचे दोन डबे घेतले. विलिमोनीनं पोटभर जेवून ढेकर दिला आणि विचारलं, "आज मासा कुणी दिला?" ती म्हणाली, "दिला एकानं."

दुसऱ्या दिवशी आजीचा हात कानापर्यंत आला आणि थांबला. तिसऱ्या दिवशी कानाशीच. चौथ्या, पाचव्या दिवशीही कानाशीच. अकानिसी तेल बदलून पाहत होती, पाला बदलून पाहत होती. पूर्वी बोटं ठेवली की स्नायूतली गाठ आपणहून सापडायची. आता नुसती कातडी लागत होती. झोपताना ती दोन्ही तळवे गालाखाली दाबून पडायची. परत करायला ती नोटही राहिली नव्हती. तिचा भात होऊन पोटात गेला होता.

त्यातच सोमवारी रेडिओनं सांगितलं, की उत्तरेला समुद्रावर हवा फिरायला लागली आहे.

"अजून नाव नाही दिलेलं," विलिमोनी रेडिओला कान लावून म्हणाला. "नाव दिलं की मग घाबरायचं."

मंगळवारी नाव दिलं. वादळ गुरुवारी पोचेल म्हणाले.

"अगं, घेऊन टाक ना ते पत्रे!" विलिमोनी म्हणाला. "बिसुन देतोय ना?"

"बरं व्हायच्या आत घेतलं तर हात जातील."

"आणि छप्पर गेलं म्हणजे?"

"छप्पर काय, पुन्हा मिळेल."

"कुठून? गेल्या वर्षीचं अजून मिळायचंय!"

ती पाल्याची पोटली बांधायला लागली. हात बहुधा आधीच गेलेत, हे त्याला कसं सांगणार?

त्या दिवशी आजीचा खांदा चोळता चोळता अकानिसीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि आजीच्या मानेवर पडलं.

"तेल फार पातळ झालंय आज," आजी म्हणाली. मग मान वळवून तिनं पाहिलं. "काय गं? मेलं का कोण?"

तेव्हा अकानिसीनं सगळं सांगितलं. नोट, तांदूळ, माशाचे डबे, बुबूचं बजावणं, सगळं. घरात नवऱ्यालाही जे सांगितलं नव्हतं ते.

आजीनं शांतपणे ऐकून घेतलं. "वीस डॉलरनं हात बिघडत असते," ती म्हणाली, "तर माझ्या बिसुनचे एव्हाना गळून पडायला हवे होते."

"चेष्टा नाही, आजी. पाहा ना, तुमचा हात नऊ दिवस तिथेच आहे."

"माझं वय पण नऊ दिवस तिथेच आहे का? सत्तर वर्षं या हातानं ऊस तोडला, पोरं उचलली, पाणी भरलं. कानाशी बसून जरा दम खात असेल."

"वादळ दम खाणार नाही."

आजीनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बिसुन गाडीतून प्लायवूड उतरवत होता. सगळं गाव खिडक्यांना फळ्या मारायला निघालं होतं. तो दारातून डोकावला. "आंटी, ऐका माझं. पत्रे आत्ता घेऊन जा. आईचा खांदा काय, पुढच्या महिन्यात होईल. उद्यापर्यंत माझ्याकडे एक पत्रा उरणार नाही. लोक रांग लावून उभे आहेत."

अकानिसीचा जीव नुसता त्या पत्र्यांवर जाऊन बसला. एक शब्द, आणि छप्पर होणार होतं. पण आधीच एक नियम मोडला होता. आता दुसराही मोडला, तर बुबूनं दिलेल्यातलं काय शिल्लक राहिलं असतं? आणि तीस वर्षं ज्यावर दोघं जगली ते गेलं, तर त्या छपराखाली बसून खायचं काय?

"नाही," ती म्हणाली. घरी जाताना बसमध्ये मोसेसे नेहमीसारखा ओरडला, पण ती हसली नाही.

बुधवारी सकाळी आकाश पिवळट झालं होतं आणि समुद्र नको इतका शांत होता. अकानिसी आजीच्या घरी पोचली तर आजी घरात नव्हती. सून कपाळाला हात लावून ओट्यावर बसली होती.

"आंटी, दुकानात जा," ती म्हणाली. "जाऊन बघा आमच्या सासूबाईंनी काय केलंय!"

अकानिसी धावतच गेली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दोर, खिळे, ताडपत्र्या, कंदील, जो तो काहीतरी मागत होता. बिसुन गल्ल्यामागे घामाघूम उभा होता. आणि गल्ल्याच्या पुढे, सगळ्यांच्या मधोमध, एका रंगाच्या डब्यावर जसोदा आजी बसली होती.

तिची वेणी नव्हती.

केस कानाशी कापलेले होते. एका बाजूनं वर, एका बाजूनं खाली, जणू बकरी चरून गेली होती. शेजारी पत्रा कापायची मोठी कात्री पडली होती आणि आजीच्या मांडीवर ती चांदीची वेणी गुंडाळून ठेवलेली होती.

"आई, हे काय केलंस गं!" बिसुन रडकुंडीला आला होता. "कापायचेच होते तर मला तरी हाक मारायची!"

"तुला गिऱ्हाइकांतून वेळ कुठे असतो? डाव्या हातानं कापले. वाकडे झाले असतील." आजीनं दारात अकानिसीला पाहिलं. "आलीस? बरं झालं. सगळे बघा रे इकडे! ए लांबूड्या, बाजूला हो, बाईला दिसत नाहीये."

सगळे वळले. वजनकाट्यावर खिळे टाकणारा नोकरही थांबला.

आजीनं पदरातून कंगवा काढला. तो उजव्या हातात धरला. हात हळूहळू वर गेला, छाती, हनुवटी, गाल, कान, आणि तिथे थांबला. खांदा थरथरत होता. आजीनं डोकं जरा तिरकं केलं, कंगवा केसांत घातला आणि खाली ओढला. मग पुन्हा. एका बाजूचे झाले, मान फिरवून दुसऱ्या बाजूचे.

"विंचरले," ती म्हणाली. "बिसुन, तुला बाजूला ठेवायला लावलेले ते बारा पत्रे काढ."

कुणीतरी टाळी वाजवली. अकानिसीनं मात्र टाळी वाजवली नाही. ती पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजी, हात कानाच्या वर गेला नाही."

"मला केस विंचरायचे होते. आता माझे केस कानाशीच संपतात."

"पण असे केस..."

"इथेच चार जणांसमोर बोलली होतीस ना, स्वतःच्या हातानं केस विंचरेल म्हणून? की तुझ्या बुबूनं केसांची लांबीही सांगून ठेवली होती?"

 अकानिसीनं आजीच्या मांडीवरच्या वेणीकडे पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली.

"मी घेते," ती शेवटी म्हणाली. "पण मी येत राहणार. हात डोक्यावर टेकेपर्यंत."

"ये की. कोण नको म्हणतंय? सुनेच्या नांगरापासून तर सुटले!"

बारा पत्रे मोसेसेच्या बसच्या टपावर चढले. तो प्रवाशांना म्हणाला, "आज जरा सावकाश चालवणार, घाई असेल त्यांनी पोहत जावं." दुपारी दोनपर्यंत पत्रे घरी पोचले. विलिमोनी छपरावर, अकानिसी खालून पत्रा धरून. शेजारचे दोघे हातोडे घेऊन आले. वारा सुरू झाला होता. पत्रा धरला की पतंगासारखा ओढायचा आणि तिचे तळवे कापायचे. शेवटचा पत्रा बसला तेव्हा समोरची टेकडी पावसात दिसेनाशी झाली होती.

वादळ गुरुवारी पहाटे आलं आणि दुपारपर्यंत घराभोवती घुमत राहिलं. दोघं मधल्या खांबाशी टेबलाखाली बसून होती. विलिमोनी भजन म्हणत होता. मध्येच सूर चुकला की थांबायचा आणि म्हणायचा, "हा कोपऱ्यातला पत्रा होता का?" अकानिसी खांबाला तळवा लावून बसली होती. खांब थरथरत होता, आणि त्या थरथरीतून छपराचं काय चाललंय, ते तिला समजत होतं असं तिला वाटत होतं. खरंच समजत होतं की नुसतं वाटत होतं, ते तिला ठरवता येईना.

तीनच्या सुमाराला आवाज ओसरला. कोपऱ्यातला एक पत्रा वाकला होता. बाकीचे जागेवर होते. विलिमोनी टेबलाखालून बाहेर आला, वर पाहत राहिला आणि मुलासारखा हसला.

अकानिसी पिशवीत तेलाची बाटली घालत होती.

"आता कुठे निघालीस? बस बंद असेल. रस्त्यात झाडं पडली असतील."

"चालत जाईन. अंधार पडायच्या आत पोचते."

"अगं, पण पत्रे तर मिळाले!"

"मिळाले," ती टॉवेल घडी करत म्हणाली. "आजीचा हात अजून कानाशीच आहे."

तिनं वाळत टाकलेला पाला चाचपून पाहिला. भिजला होता. तो तसाच पिशवीत कोंबून ती बाहेर पडली, आणि आडव्या पडलेल्या माडांवरून एकेक पाय टाकत गावाच्या रस्त्याला लागली.