टेम्पोतली खोली

सासरी दोन खोल्या आणि माणसं नऊ. म्हणून ऐंशीच्या सुमारास साड्या विकायला आम्ही नवा टेम्पो घेतला, तेव्हा त्याची बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीकडून मी आत निजायला एक बाकही करून घेतलं. आज सेलूचा बाजार, उद्या आंजीचा. चार-चार दिवस आम्ही दोघंच. स्टोव्हवर चहा करायचा आणि पोट दुखेस्तोवर हसायचं. दुसरं काय लागतं हो माणसाला!

पावसाळ्यात मात्र ते बाक भिजायला लागलं. सासऱ्यांनी फर्मान काढलं, "काढून टाका ते. तिथं ताडपत्री टाकून माल ठेवा, अन् निजाले घरी येत जा." मी हबकलेच. मिस्त्रीनं गळतीची वर्षभराची ग्यारंटी लिहून दिली होती. तो कागद घेतला आणि यांना वर्ध्याला ओढत नेलं.

मिस्त्रीनं टपावर दहा बादल्या ओतल्या. थेंब गळेल तर शपथ.

"वहिनी, तुमचा चहाच सांडला असन."

माझा पारा चढला. "भाऊ, चालत्या गाडीले पाऊस समोरून लागते. तुम्ही बाकावर निजा, अन् समोरून पाणी मारू द्या."

निजला बिचारा. त्याच्या कारागिरानं समोरून बादली फेकली आणि आत थेट मिस्त्रीच्या मिशांवर धार लागली. मी टाळ्या वाजवल्या.

मिशा पुसत तो बाहेर आला, केबिनच्या वर, समोरच्या पत्र्याकडे पाहिलं आणि गरजला, "पत्र्याले खिळे कोनं ठोकले? खिळा ठोकला का ग्यारंटी खतम!"

नजर लागू नये म्हणून तिथं घोड्याची नाल ठोकलेली होती. चूक आपलीच असल्यासारखे हे मान खाली घालून उभे. मला हसू आवरेना.

"तुम्हीच तं ठोकली, भाऊ! गाडी देतानी, नारळ फोडून, सोताच्या हातानं!"

कारागीर खो-खो हसायला लागले. मग मिस्त्रीच सगळ्यांत मोठ्यानं हसला. प्रत्येक नव्या गाडीला तो अशी नाल ठोकायचा, आणि गाडी गळली की कारागिरांना शिव्या घालायचा.

त्यानं खिळे उपटले, भोकं बुजवली, पुन्हा पाणी मारलं. बाक कोरडं ठणठणीत. हे नाल हातात घेऊन घुटमळत होते.

"तारेनं तरी बांधू. नजर लागली तं?"

"लागू द्या," मी म्हटलं. "माह्या घराले कोनी भोक पाडाचं नाई."

लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि 'माझं घर' हे शब्द मी पहिल्यांदाच बोलले होते. यांनी नाल मिस्त्रीच्या हातात ठेवली, माझ्याआधी आत चढले आणि बाकावर सतरंजी अंथरली.