धाकलीच्या नावाची मूठ

माझी धाकटी जाऊ गेल्या वर्षी आमच्या नव्या घराच्या वास्तूला आली आणि पंगत बसायच्या आत निघून गेली. तिला आम्ही सगळे धाकली म्हणतो. वरण-बट्टी तयार होती, वांग्याची भाजी चुलीवरून नुकती उतरवली होती. दारात चपला घालता घालता ती म्हणाली, "बाई, मी निंघस." मी म्हटलं, "अवं, जेवी ते जाय!" तिने नुसता हात हलवला आणि रिक्षात बसली. झालं ते एवढंच. पण भरल्या घरातून घरचंच माणूस न जेवता गेलं, तर आमच्या खानदेशात त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माझ्या घरात पाहुण्यांच्या देखत माझी जाऊ उपाशी गेली होती.

दुसरी कुणी असती तर मी दोन दिवस फणफणले असते आणि विसरले असते. पण धाकलीची गोष्ट वेगळी. माझा दीर धडगावला मास्तर होता. तिकडे वर डोंगरात धड खोली मिळत नव्हती, म्हणून लग्नानंतर कितीतरी वर्षं ती माझ्याजवळ राहिली आणि दीर शनिवारी जीपने घाट उतरून यायचा. आम्ही दोघींनी एका चुलीवर स्वयंपाक केला, कापूस वेचला, एकमेकींची बाळंतपणं काढली. खरं सांगायचं तर नवऱ्यापेक्षा मला तिची सवय जास्त. पुढे दिराची बदली नंदुरबारला झाली, त्यांनी तिथे फ्लॅट घेतला. येणंजाणं चालूच होतं. ते वास्तूच्या दिवशी थांबलं.

त्या दिवसापासून धाकलीबाई माझ्या डोक्यात ठाण मांडून बसल्या. चहा टाकला की हजर. केळीच्या शेतात गेले की माझ्या आधी बांधावर. मी तिला मनातल्या मनात विचारायची, का गं गेलीस? मग तिच्या वतीने उत्तरही मीच द्यायची आणि त्या उत्तराचा रागही मला यायचा. कधी ती म्हणायची, तुमच्या नव्या घराचा थाट मला बघवला नाही. कधी म्हणायची, मला पूजेत नीट विचारलं कुणी? एकदा तर मी भाजी फोडणीला घालून इतकी रंगात आले की "जा मग!" असं मोठ्याने म्हणाले. दाराशी उभी असलेली सून घाबरून परत गेली.

फोन का नाही केला, असं कुणीही विचारील. अहो, मी मोठी! उपाशी ती गेली, फोन मी करायचा? गेल्या वर्षी कानबाईला, आमच्या कुळाच्या देवीच्या सणाला, दीर एकटाच आला, म्हणाला तिची तब्येत बरी नाही. डब्यात प्रसाद घेऊन गेला. तब्येतीला काय झालं हेसुद्धा मी विचारलं नाही. तोंड उघडलं असतं तर मला किती लागलंय ते त्याला कळलं असतं.

सुनेला माझी दया आली असावी. तिने मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. मागे बासरी, पुढे एक गंध लावलेला माणूस. तो सांगत होता की जी व्यक्ती सारखी आठवते तिचा आत्मा तुम्हाला हाक मारत असतो, मागच्या जन्माचं काहीतरी राहिलेलं असतं. मला धडकीच भरली. मागच्या जन्मीचंही हिच्याशीच? त्याच्यापाठोपाठ आपोआप दुसरा व्हिडिओ लागला. त्यात एक चष्मेवाली डॉक्टरीण म्हणत होती की अर्धवट राहिलेली गोष्ट मन सोडत नाही, त्यात समोरच्याचा काही संबंध नसतो. हे पटण्यासारखं होतं, पण पटून उपयोग काय? अर्धवट राहिलेलं पुरं करायला समोरची लागतेच ना.

आतून मला भीती वेगळीच होती. तिला राग असेल तर असू दे, राग जातो. पण ती मनातून उठून गेली असेल तर? मी तिची कुणी राहिले नसेन तर? हे मी कुणाजवळ बोलले नाही.

मग यंदाची कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे ती बसते. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड गोड पोळ्या, करायचे तर आधी गहू काढावे लागतात. घरातल्या आणि भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. बायकांच्या नावाने नाही. ते गहू घरीच दळायचे आणि त्या पिठाचे रोट फक्त आपल्या कुळातल्यांनी खायचे, कुळाबाहेर एक तुकडा जाऊ द्यायचा नाही. हे काम थोरल्या सुनेचं, म्हणजे माझं. इतक्या वर्षांत माझा हात कधी चुकला नव्हता.

मी सुपात गहू घेऊन बसले, पुढ्यात परात. समोर माझी चुलतसासू, वय झालेली पण कान तिखट. सासऱ्यांचं नाव झालं, ह्यांचं झालं, दिराचं झालं. आणि डोक्यात तर ती होतीच, भांडण चालूच होतं. पुढची मूठ टाकताना माझ्या तोंडून स्पष्ट निघालं, "धाकलीना नावनं."

चुलतसासूने मान वर केली. मी घाईघाईने परात चाळवायला लागले, जसे काही तिचे गहू ओळखू येणार होते.

"ऱ्हाऊ दे," चुलतसासूबाई म्हणाल्या. "पडनात त्या पडनात. जिना नावनं पडनात तिले खावाले बलाव."

"बायकोस्ना नावनं कोठे टाकतस?" मी म्हटलं.

"मी टाकात का? तू टाकात. बलाव."

आमचे हे पेपर वाचत होते. ते हसून म्हणाले, "चाला, कानबाईलेच धाकलीनी याद उनी." मला हसूही आलं आणि रडूही. पण बरं झालं. आता फोन माझा नव्हता, देवीचा होता. मी तिथेच, गव्हाच्या हातांनी नंबर लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"तुन्हा नावना रोट शे. इतवारे ये," मी एका दमात म्हटलं.

मग ती म्हणाली, "इतवारे येसू ना बाई, येसू!" आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. जणू आम्ही कालच बोललो होतो.

रविवारी ती आली. आरती झाली, बायकांची गाणी झाली, आणि जेवायच्या वेळी ती पुन्हा उठली. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे गेले आणि काही विचारायचं नाही हे ठरवलेलं विसरून विचारलं, "वास्तूले कसाले गयी व्हती उपाशी?"

तिला आधी आठवेचना. कुठली वास्तू, कधी? मग ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अवं बाई, ती बट्टी!" आणि तिने दार लोटून कडी घातली. वरचे सगळे दात काढावे लागले होते तिचे. कवळी नवी होती, बोचत होती, अजूनही बोचते; कडक बट्टी चावणं अशक्य. चारचौघांत तोंडातून काढणार कशी? नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, कुणाला सांगू नको, तब्येतीचं सांग. मग लेकीच्या बाळंतपणाला सुरतला गेली, तिथेच अडकली.

"तुमले राग उनथा?" तिने आश्चर्याने विचारलं. "माले ते काहीच माहीत नही."

काहीच माहीत नाही! वर्षभर मी जिच्याशी भांडले तिने त्या भांडणात पायही ठेवला नव्हता. कुणाचा आत्मा हाक मारत नव्हता, मागच्या जन्माचं काही राहिलेलं नव्हतं. हिला सुरतेत नातवाची लंगोटी धुता धुता माझी आठवण आलीही असेल, नसेलही. मला वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी अंगातून ओझं उतरल्यासारखं झालं आणि मी खाली बसले. राग नव्हताच माझा. मला ती हवी होती, आणि ते सरळ म्हणायची लाज वाटत होती. ते मी तिला तेव्हाच सांगितलं. ती म्हणाली, "मंग म्हनानं ना, येडी कोठली!" मोठ्या जावेला.

मी रोट कुस्करून वाटीत टाकला, वर गरम दूध ओतलं. तिने दाराकडे पाहिलं, कडी लागल्याची खात्री केली. मग पाठ न फिरवता माझ्यासमोर कवळी काढली आणि पाण्याच्या पेल्यात ठेवली. गाल आत गेले, एकदम म्हातारी दिसली. नवऱ्यासमोरही ती कवळी काढत नाही, हे तिनेच मघाशी सांगितलं होतं.

"हासू नका," ती बोळक्या तोंडाने म्हणाली, आणि पहिला घास घेतला.