बर्फ चार महिने, व्याज बारा महिने

गळ्यात दोर पडला तेव्हा मला चेष्टा वाटली. मग तो आवळला.

"ओढ बे," मालकाचा मेहुणा म्हणाला.

दोराचं दुसरं टोक मेलेल्या म्हशीच्या पायांना बांधलेलं होतं. पुसदला मालकाचा बर्फाचा कारखाना होता आणि कारखान्याच्या मागे त्याचाच गोठा. म्हशीचं पोट फुगून टम्म झालं होतं. मालक स्वतः उभा होता, दातात काडी घालून. त्याचे दोन गडीही होते.

"मी मेकॅनिक हाव," मी म्हणालो.

कमरेत लाथ बसली. मी म्हशीच्या अंगावर तोंडघशी पडलो. तिच्या तोंडातला फेस माझ्या ओठांना लागला.

"जात पयले. मेकॅनिक मंग," मेहुणा म्हणाला.

मालक हसला. मारापेक्षा ते हसणं जास्त लागलं.

आम्ही दीक्षा घेतली त्या वर्षी मायनं घरातले देव गाठोड्यात बांधून पूस नदीत सोडले होते. वस्तीनं मेलेलं ढोर ओढणं सोडलं होतं. गावानं दात-ओठ खाल्ले, पण कोणी पुन्हा दोराला हात लावला नाही. मला मोठ्या मशीनचं वेड. बर्फाच्या, थंड गोदामाच्या मशीनचं काम नागपूरला शिकवत. मी गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, "जुनी जात लिही. फी माफ, वर महिन्याला पैसे. बौद्ध लिहिलं तर काही नाही."

मी बौद्ध लिहिलं. छाती पुढे काढून लिहिलं. त्या एका शब्दाला सहाशे रुपये लागले.

ते मालकानं दिले. त्याला कारखाना काढायचा होता आणि मशीनवाला स्वस्तात पाहिजे होता. तारण काय? माझी माय. कर्ज फिटेपर्यंत तिनं गोठ्यातलं शेण काढायचं. मजुरी नाही. माय म्हणाली, "काढीन. तू शिक." बाप नव्हता. दुसरं घरात होतं काय?

शिकून आलो. मशीन बसवलं, चालवलं. त्यात अमोनियाचा गॅस असतो. गळला की डोळ्यांत तिखट पडल्यासारखं होतं, छाती जळते. म्हणून दुसरा कोणी जवळ फिरकत नसे. बर्फाची पहिली लादी निघाली तेव्हा मालकानं तिची पूजा केली. मला पायरीखाली उभं केलं.

मला वाटलं होतं, दोन उन्हाळ्यांत मोकळा होईन. पण बर्फ विकला जातो तो लग्नसराईत आणि उन्हाळ्यात. मृग लागला की मशीन बंद, माझा पगारही बंद. व्याज मात्र बंद होत नाही. बर्फ चार महिने, व्याज बारा महिने. उन्हाळ्यात पगारातून कापून फेडलेलं कर्ज दिवाळीपर्यंत परत जिथल्या तिथे यायचं. मग मालक म्हणायचा, "बसून खातं का? गोठ्यात लाग." लाज गिळून मी शेणही काढलं. आणि त्या हिवाळ्यात म्हैस मेली.

मी तिच्या अंगावर पडलेला असताना माय गोठ्यातून आली. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं. रडली नाही.

"बाबू, दोर काढ," ती म्हणाली. "मी शेन काढीन. पन तू ढोर ओढशीन तर मी तुह्या हातचं पानी पेनार नाही."

मेहुण्यानं काठी फिरवली. तिच्या तोंडावर. दात तुटून मातीत पडला.

मी दोर कधी काढला ते मला आठवत नाही. त्याच्या नरड्यावर बसलो होतो, एवढं आठवतं. त्याला मारून टाकायचं होतं. खोटं कशाला सांगू? गड्यांनी मला ओढून काढलं आणि बरगडी मोडेपर्यंत तुडवलं. मायनं मला खांद्यावर घेऊन घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात गेली नाही. वस्तीतल्या बायांसोबत ढाणकीकडे कापूस वेचायला गेली. मी खाटेवर कण्हत पडलेला. बाजाराच्या दिवशी ती आली आणि मजुरीचे पैसे माझ्या हातावर ठेवले. आठवड्याची मजुरी. मी त्या नाण्यांकडे पाहतच राहिलो. तीन वर्षं ती राबली होती आणि तिच्या हाताला एक पैसा लागला नव्हता. मी मात्र माझा पगार आणि माझं कर्ज यांचीच तोंडमिळवणी करत बसलो होतो. माय त्या हिशेबात नव्हतीच. मालकानं तिला वगळलं होतं आणि मीही वगळलं होतं. मोडक्या बरगडीपेक्षा ते जास्त दुखलं.

वेचणीच्या भावानं तीन वर्षं मोजली. तिची मजुरी सहाशेच्या वर गेली.

फाल्गुनात मालक आमच्या वस्तीत आला. पहिल्यांदाच. सोबत मेहुणा. लग्नांच्या बर्फाचे विसार घेऊन झाले होते आणि मशीनला हात लावायला माणूस मिळत नव्हता.

"व्याज सोडलं, जाय," मालक म्हणाला. "उद्यापासून मशीन लाव. झालं गेलं इसरून जाय."

वस्ती गोळा झाली होती. मी उंबऱ्यात उभा राहिलो.

"मालक, माही माय तीन वर्सं तुमच्या गोठ्यात राबली. तिची मजुरी मुद्दलाहून जास्त निंगते. माह्याकडं तुमचं काहीच नाही. तुमच्याकडं आमचं हाय."

"कायची मजुरी? ते तारन होतं."

"तारन भांडं असते, मालक. मानूस नसते."

मेहुणा काठी घेऊन पुढे आला. ह्या वेळी माझ्या हातात लोखंडी पाना होता. काठी खाली यायच्या आत मी त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो गुडघ्यावर बसला आणि ओरडू लागला. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

"जेलात सडवीन तुले," मालक म्हणाला.

"सडवा. पन मशीन मी जेलातून लावनार नाही."

माय माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तिचा सुजलेला ओठ आता बरा झाला होता. दात नव्हता.

"पयले हिची मजुरी मोजा," मी म्हणालो. "हिच्या हातावर, ह्या वस्तीसमोर. मंग मशीनचं बोलू. पैसे पडेपर्यंत पुसदात बर्फ निंगनार नाही. अन् मायवर पुन्हा हात उचलला, तर तो हात धड परत जानार नाही."