ना बाई, ना बैल

मी देवासच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. पाळी म्हणजे काय, हे नववीच्या पोरींना फळ्यावर आकृती काढून सांगते आणि त्यात पाप कुठेच येत नाही. मग भाद्रपदात ऋषिपंचमीला घरी पाटावर बसते आणि पाळीत शिवाशिव झाली असेल तर त्या पापाची माफी मागते. देव मी मानत नाही. पण सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा मिळमिळीत भाजी गिळणं सोपं, असं बावीस वर्षं चाललं होतं. भित्री म्हणा हवं तर.

गेल्या वर्षी मात्र गाडं माझ्या लेकीपाशी येऊन अडलं. वय तेरा. पाळी सुरू होऊन चार महिने झालेले आणि नेमकी पंचमीच्याच दुपारी धारला तिची आठशे मीटरची शर्यत. पहिल्या तिघी भोपाळच्या शिबिराला जाणार होत्या. पोर वर्षभर पहाटे उठून मैदानाच्या चकरा मारत होती. एकदाच उपाशीपोटी धावली, तेव्हा दुसऱ्या चकरीत चक्कर येऊन पडली होती.

"पहिलं वर्ष आहे, व्रत चुकवायचं नाही," सासूबाईंनी जाहीर केलं. "पूजा करून जा. डब्यात ऋषीची भाजी देते."

त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. नांगरलेल्या जमिनीतला गहू नाही, तांदूळ नाही, डाळ नाही. परसातला भोपळा, अळू, हाताने लावलेलं तेवढं चालतं. त्या भाजीवर माणूस जगतो, धावत नाही.

आदल्या दिवशी, गणपती बसले त्या संध्याकाळी, सासूबाईंनी नातीला कहाणी वाचायला बसवलं. तिची शाळा हिंदी, मराठी ती ठेचकाळत वाचते. गोष्ट अशी की एका बाईने विटाळ पाळला नाही, म्हणून पुढल्या जन्मी ती कुत्री झाली आणि तिच्या संगतीने नवरा बैल झाला. दोघं राहायला मुलाच्याच दारी. एकदा श्राद्धाच्या खिरीत सापाने गरळ टाकलं. ब्राह्मण मरू नयेत म्हणून कुत्रीने खिरीत तोंड घातलं आणि सुनेने तिला बदड बदड बदडलं.

पोरीने मान वर केली. "म्हणजे कुत्रीने सबको बचाया ना? तरी मार तिलाच?"

"कहाणी आहे ती. वाच पुढे."

"आणि नवऱ्याने काय केलं होतं?"

"काही नाही. त्याला विटाळ बाधला."

"बेचारा! फुकटात बैल."

आमचे हे पेपराआड फिसकन हसले.

"हसा, हसा! काय गं, पुढल्या जन्मी कुत्री व्हायचंय का?"

"कौनसी ब्रीड, आजी?"

सासूबाई भडकल्या. पण बोलता बोलता त्यांनी नातीला जवळ ओढलं. आपली नात कुणाच्या तरी दारात मार खात बसेल, ही भीती त्यांच्या मनात अगदी खरी होती. बोलायला हवं होतं मी. आतून ओरडत होते आणि बाहेरून मोदकपात्र घासत होते.

"आजी, बैलाचं का नाही खायचं?" पोरीने विचारलं.

"बिचारा वर्षभर राबतो. एक दिवस तरी त्याच्या कष्टाचं खाऊ नये."

"बस, इतकंच?"

"इतकंच."

पोरीने बापाचा फोन उचलला आणि आम्हाला गहू देणाऱ्या शेतकऱ्याला लावला, स्पीकरवर. "काकाजी, आपके खेत में बैल हैं क्या?"

"अरे बेटा, बैल तो दादाजी के टाइम बिक गए. अब सब ट्रैक्टर. क्यों, बैल चाहिए?"

सासूबाई गणिताच्या निवृत्त मास्तरीण. त्यांनी फोन ओढून घेतला आणि उलटतपासणी सुरू केली. नांगरणी? ट्रॅक्टर. पेरणी? ट्रॅक्टर. कापणी? मशीन. "और हमारे घर लाए किसमें? बैलगाडी में?"

"माताजी, पिकअप में!"

त्यांनी फोन ठेवला. "चालतं," म्हणाल्या. "नियमात बसतं." मग चेहरा उतरला. "म्हणजे इतकी वर्षं मी ती भाजी उगीचच गिळली?"

"आई, मग मोदकही चालेल," हे म्हणाले.

"तू गप्प बस."

सकाळी मी पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली. सासूबाई सात ऋषींच्या सात सुपाऱ्या मांडत होत्या. पोरगी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "आजी, बैल राबतो म्हणून त्याचं नाही खायचं. मग आईच्या मेहनतीचं कसं चालतं?"

खोचकपणा नव्हता. गणितातली शंका विचारावी तसं तिने विचारलं. सासूबाईंनी हातातली सुपारी खाली ठेवली. मग त्या उठल्या, बेडरूमच्या दाराशी गेल्या आणि कडाडल्या, "अरे ए, ऊठ! पोळ्या लाट."

"मी?"

"तूच. तू ना बाई, ना बैल. या घरात आज फक्त तुझ्याच हातचं खाता येईल."

अगं आई गं! एक पोळी पापड, दुसरी गोधडी. कणीक कपाळापर्यंत. पोरीने हसत हसत दोन खाल्ल्या, चार डब्यात घेतल्या. पूजेला बसायला ती वळली तर सासूबाईंनी हातानेच थांबवलं. "निघा दोघी. बस चुकेल."

धारच्या मैदानावर शेवटच्या वळणापर्यंत पोर पाचवी होती. मी कुंपणाला धरून इतकी किंचाळले की माझा घसा दोन दिवस बसला. तिसरी आली! गवतावर उताणी पडून तिने आधी उरलेली गोधडी मागितली.

मी घरी फोन लावला. "आई, तिसरी आली. भोपाळ पक्कं."

"जेवली होती ना?"

"सहाच्या सहा पोळ्या."

मागून भांडं पडल्याचा आवाज आला. हे अजून स्वयंपाकघरातच होते.

"तिला सांग," सासूबाई म्हणाल्या, "पूजेत मी तिचं नाव घेतलं नाही. पोरीने माफी मागण्यासारखं काही केलेलंच नाही."

मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही.

"आणि मीसुद्धा काही केलं नव्हतं गं."