दीड कोयता

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं त्या शकूला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही.

शकू माझी थोरली बहीण. आमचं गाव शिरूर कासारच्या अंगाला, दसरा झाला की निम्मं रिकामं होणारं. आई आणि आबा ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, आणि त्यांच्याबरोबर मी. कारण धाकटा भाऊ बाबू माझ्याच कडेवर गप्प राहायचा. शकू मात्र गावात, आत्याजवळ. तिला शाळा होती. गुरुजी एकदा स्वतः घरी येऊन सांगून गेले होते — पोरगी हुशार आहे, हिला नेऊ नका. माझ्याबद्दल सांगायला कोण येणार होतं? मी वर्गात असायचे तरी कधी?

तिचं सगळंच पाहून माझ्या पोटात दुखायचं. तिच्या लाल रिबिनी, तेलानं चोपलेल्या वेण्या, मऊ टाचा. माझ्या गालांवर उसाच्या पात्याचे ओरखडे आणि केसांत पाचटाचा भुसा. कारखान्याचा भोंगा झाला की आम्ही पोरी कोपीपुढच्या, म्हणजे आमच्या पाचटाच्या खोपटापुढच्या, चुली पेटवायचो. आया फडातून परतायच्या आत भाकरी व्हायला हवी. आत्ता शकू वर्गात बसून कविता म्हणत असेल, असं मनात यायचं आणि माझी भाकरी करपायची. उन्हाळ्यात आम्ही परत आलो की ती मला जवळ बसवून अक्षरं शिकवायची. प्रेमानं. आणि मला त्या प्रेमाचाच जास्त राग यायचा — ही कोण लागून गेली मला शिकवणारी?

मग ते दुष्काळाचं साल आलं. विहिरी आटल्या, गावात टँकर सुरू झाला. ज्यांनी जन्मात ऊस तोडला नव्हता तेही मुकादमाच्या मागं फिरू लागले. मुकादम म्हणजे कारखान्यासाठी टोळी जमवणारा माणूस. एरवी तो आबांना मस्का लावायचा, त्या वर्षी त्यालाच लावावा लागत होता.

इथं तुम्हाला एक शब्द सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं ऊस तोडायचं हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असेल तर अर्धा. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात.

तर एका दुपारी मुकादम आमच्या ओट्यावर येऊन बसला. आई घागरी घेऊन टँकरवर गेलेली, शकू शाळेत. आबा म्हणाले, "आमचा एक कोयता धरा." मुकादमानं तोंड वाकडं केलं. "यंदा माणूस लई झालंय. नुसत्या एका कोयत्यासाठी गाडीत जागा कशाला अडवू? जास्त हात असतील त्यास्नी आधी घेतो. थोरली पोरगी हाय की तुमची."

"तिला न्हाई जमायचं," आबा म्हणाले. "कोयता हातात धरला न्हाई तिनं कधी."

खरंच होतं ते. पण मुकादमाचा विश्वास बसला नाही. मी बाबूला घेऊन दाराशी उभी होते, तर त्यानं मलाच विचारलं, "काय गं, खरं बोलतो का तुझा बाप?"

आता सांगते — सांगायलाच बसलेय ना मी? मी म्हणाले, "न्हाई. शकी तोडती की. आईपरीस लवकर तोडती."

मुकादम हसला. "मग दीड कोयता झाला की! उगं कावून लपवायलात?"

लहान होते, तोंडातून निघून गेलं — असं म्हणता आलं असतं. पण तसं नव्हतं. बाबू आता मोठा झाला होता, तो आत्याजवळ राहणार होता. आत्याच्या हाताखाली दोघींतली एकच पोरगी मागं ठेवायची, हे घरात ठरलेलं. शकू तोडीला गेली की मागं राहणार मी, आणि शाळेत जाणारही मीच. हे मी उन्हाळाभर मनात घोळवत होते. फक्त विचारणारं कुणी भेटत नव्हतं.

आबांनी मला मारलं नाही. त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मग मुकादमाकडं वळून 'बरं' म्हणाले. त्या साली तो उठून गेला असता तर आम्ही खाणार काय होतो?

गाडी निघाली तेव्हा शकू मागं भांड्याकुंड्यांवर बसून रडत होती. तिचं दप्तर तिनंच माझ्या खांद्याला अडकवलं होतं. मी रडले का? छे. मला इतका आनंद झाला होता, की तो दिसू नये म्हणून मी बाबूच्या डोक्यात तोंड खुपसलं.

अर्धा कोयता कुणी फार दिवस अर्धा ठेवत नाही. पुढचा हंगाम लागायच्या आत दुसऱ्या टोळीतल्या एका अर्ध्या कोयत्याशी शकूचं लग्न लावून दिलं. मी शिकले. आज बीडला शाळेत शिकवते, आणि ऊसतोड्यांच्या घरोघरी जाऊन सांगते, पोरींना नेऊ नका. लोक मान देतात. घेते मी तो.

शकूला वाटत राहिलं, आबांनीच तिला मुकादमाच्या हवाली केलं. मी ते वाटू दिलं. माहेरी आली की ती आईशी बोलायची, माझ्याशी पोटभर बोलायची — आबांशी नाही. आणि आबांनी खरं काय ते कधीच सांगितलं नाही. का नाही? माझ्यासाठी? की 'बरं' आपणच म्हणालो, म्हणून? विचारायची माझी छाती झाली नाही.

शेवटी आबा माझ्याकडंच होते, अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं मी करत होते, पण नाव घ्यायचे ते शकूचं — आणि या वयातही माझ्या पोटात दुखायचं. ती आली. कमरेत वाकलेली, माझ्यापेक्षा कितीतरी म्हातारी दिसणारी. त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "आबा, म्या आता मनात काई ठेवलं न्हाई. तवा तुमी तरी काय करणार हुता?"

आबांनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी दारातच उभी होते. ते थांबले. माझ्यासाठी थांबले, हे मला कळत होतं. मी काही बोलत नाही असं पाहिल्यावर ते तिला म्हणाले, "व्हय, बाई. चुकलं माझं."

शकू खूप रडली, आणि मोकळी झाली. ते पाहताना मला लाज वाटली, पण ती नंतर. आधी वाटला तो हेवा. ती माफी माझी होती, आणि ती आबांना मिळाली.