बिनडब्याचं स्वयंपाकघर

मोंजियाच्या फडताळाचे वरचे दोन कप्पे रिकामे झाले होते, खालचे दोन अजून भरलेलेच होते. ती स्टुलावर उभी राहून एकेक डबा हाताने चाचपून मला देत होती आणि मी तो जमिनीवर मांडत होते. टोमॅटोची पेस्ट, ट्यूना मासा, लाल मिरचीची तयार हरिसा, त्रिकोणी चीज, रश्शात टाकायच्या चवीच्या वड्या. एवढ्यात तिची नणंद बशीरा आली आणि पिशवी पसरून दारातच उभी राहिली.

"वहिनी, ज्या डब्यांवर उभा जन्म काढलास ते आज विष झाले होय गं?"

मोंजिया इथल्या टोमॅटोच्या कारखान्यात डब्यांना झाकणं बसवायची. नवरा लवकर गेला. त्या झाकणांवरच तिने दोन मुली वाढवल्या आणि लग्नं करून दिली.

"खाटीक रोज सुरी धरतो," मोंजिया स्टुलावरूनच म्हणाली, "म्हणून सुरी खातो का?"

बशीराने चवीच्या वड्यांची खोकी मात्र सगळ्यात आधी पिशवीत टाकली.

झालं होतं असं, की मोंजियाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला होता आणि नाबेल शहरातल्या डॉक्टरने डोळ्याला हात लावायला नकार दिला होता. रक्तदाब फार चढलेला होता. "आधी हा उतरवा, मावशी. डब्यातलं, पाकिटातलं खाणं बंद करा. मग बघू."

मोंजिया शाळेत गेलेली नाही. कारखाना सुटल्यावर मशिदीतल्या बायकांच्या वर्गात ती माझ्या शेजारी बसायची आणि अक्षराखाली बोट ठेवून वाचायची. कुराणातली सूरह यासीन कुणाच्या मदतीशिवाय वाचायला लागली आणि थोड्याच दिवसांत तिला अक्षरं दिसेनाशी झाली. आता ती पहाटे रेडिओवर ऐकते. "ऐकण्यातही पुण्य आहेच," ती म्हणते, "पण दुसऱ्याच्या तोंडाने जेवल्यासारखं वाटतं."

म्हणून तिने ठरवलं, कारखान्यात बंद झालेलं काहीही आपल्या घरात उघडायचं नाही.

आमच्या कोर्बा गावात उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करायची रीतच आहे. हल्ली आम्ही सगळ्या जरा आळशी झालो होतो एवढंच. मोंजियाने मात्र त्या वर्षी आजीच्या काळातली सगळी बेगमी एकटीने केली. बकरी ईदच्या मटणाच्या पट्ट्या मसाला चोळून दोरीवर वाळत घातल्या. टोमॅटो चिरून गच्चीभर पसरले. मिरच्या कुटून हरिसा केली. लिंबं मुरवली, सार्डिन मासळी बरण्यांत थरावर थर लावून भरली, पुढे ऑलिव्हही मुरत घातले. मीठवाला दुसऱ्यांदा पोतं उतरवायला आला तेव्हा त्याने विचारलं, "बाई, गुरं पाळलीत का?"

"माणूसच आहे. एकटं," मोंजिया म्हणाली.

गल्लीतल्या बायका येऊन चव घेऊन जात. मीही जात असे. खोटं कशाला सांगू, इतके चांगले ऑलिव्ह मी कितीतरी वर्षांत खाल्ले नव्हते.

थंडी सुरू होताना आम्ही दोघी नाबेलला गेलो. तिला दवाखान्याच्या पायऱ्या दिसत नाहीत, म्हणून मी हात धरला होता. डॉक्टरने दाब मोजला. दुसऱ्या हातावर मोजला. मग नर्सला बोलावून दुसरं यंत्र मागवलं.

"मावशी, हा तर वाढलाय. पाकिटातलं काही खाता?"

"अल्लाहशपथ, नाही."

"डब्यातलं?"

"घरात डबा नावाला नाही, लेकरा. हिला विचार."

मी मान हलवली.

"मग खाता तरी काय?"

मोंजियाने डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि सांगितलं. सकाळी पाव आणि घरची हरिसा, सोबत ऑलिव्ह. दुपारी रव्याच्या वाफवलेल्या कुसकुसवर वाळवलेलं मटण आणि मुरलेलं लिंबू. रात्री सार्डिन. ती असं सांगत होती जसं वर्गात धडा म्हणून दाखवायची.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "आणि या सगळ्यात मीठ घालता?"

"म्हणजे काय! मिठाशिवाय टिकेल कसं?"

त्याने यंत्राचा पट्टा सोडवला. "मावशी, तुम्ही कारखाना बंद केला नाहीत. गच्चीवर नेलात."

घरी आल्यावर मोंजियाने बरण्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "घरचं बाधत नाही असं मला कुणी सांगितलं होतं गं?"

"सगळ्यांनीच," मी म्हटलं. त्यात मीही होते.

आता त्या बरण्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. अन्न टाकणं पाप. घरात ठेवावं तर हात जाणार. देवाने वाट काढली. बशीराच्या मुलाचं, लमीनचं लग्न ठरलं, आणि आमच्या गल्लीत लग्नघरी प्रत्येकीने आपल्या बेगमीतलं काही ना काही द्यायचं असतं. मोंजियाने सगळंच दिलं. सबंध गावात वाटल्यावर एकेकाच्या वाट्याला मीठ ते किती येणार, असा तिचा हिशेब.

"वहिनी, तुझ्या हाताला चव आहे," बशीरा हातगाडीवर बरण्या चढवताना म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं?"

लग्नात सगळे बोटं चाटत होते. मोंजिया एका कोपऱ्यात उकडलेला भोपळा खात होती, वर जिरं आणि ताजं लिंबू.

"कसा लागतो?" मी विचारलं.

"माती," ती म्हणाली आणि ताटली पुसून संपवली.

त्यानंतरही तिने तेच चालू ठेवलं. गोळ्या वेळेवर घेतल्या. ताजी मासळी, ताजी भाजी, मीठ जवळजवळ नाही. मधे एकदा ती माझ्याकडे आली होती तेव्हा ओट्यावर ऑलिव्हची वाटी होती. तिने वासावरून ओळखलं आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली. मी वाटी उचलून आत ठेवली.

आज औषधाच्या दुकानात तिचा दाब मोजला. डॉक्टरला हवा होता तेवढा उतरलाय, अल्हम्दुलिल्लाह. दुकानदाराने आकडा सांगितला तेव्हा तिने तो पुन्हा सांगायला लावला, मग मला सांगायला लावला.

उद्या सकाळी ती नाबेलला ऑपरेशनची तारीख घ्यायला जाणार आहे.